टेक्सासमध्ये शाळा, कुटुंब, धर्म या विषयांवरची राज्याची विधेयकं कशी ट्रॅक करायची?

बातम्यांच्या भरवशावर राहू नका, बातमी येईपर्यंत बिल बरंच पुढे गेलेलं असतं. 'टेक्सास लेजिस्लेचर ऑनलाइन' या विधिमंडळाच्या अधिकृत वेबसाइटवर फुकट खातं उघडा आणि बिल नंबर किंवा विषय टाकून ईमेल अलर्ट लावा. कीवर्डच्या नादी फार लागू नका. 'कुटुंब' हा शब्द भाषणात शंभरदा येतो, कायद्यात मात्र एज्युकेशन कोडचं, म्हणजे राज्याच्या शिक्षण कायद्यांच्या संहितेचं, कलम बदललेलं असतं.

एसबी 10 (सिनेट बिल 10) घ्या ना, सरकारी शाळेच्या प्रत्येक वर्गात बायबलमधल्या दहा आज्ञांचं पोस्टर लावायचं तेच बिल. मूळ मजकूर उघडला की किमान 16 बाय 20 इंच हे मापसुद्धा दिसतं! जून 2025 मध्ये गव्हर्नर ॲबट यांची सही झाली, 1 सप्टेंबरपासून लागू. पण ऑगस्टमध्येच फेडरल न्यायाधीशांनी काही स्कूल डिस्ट्रिक्टपुरती (शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थांपुरती) त्याला स्थगिती दिली. म्हणजे सही झाली तरी लक्ष काढायचं नाही, फक्त पुढचं कोर्टाच्या बातम्यांत शोधायचं.

नेहमीचं अधिवेशन विषम वर्षी, जानेवारीपासून 140 दिवस. साधारण मार्चच्या मध्यापर्यंत बिलं दाखल होतात, हजारोंनी. सगळी वाचत बसाल तर वेडे व्हाल. कमिटीची सुनावणी लागली की मगच लक्ष घाला, बरीच बिलं त्याआधीच गारद होतात. हाउसमध्ये, म्हणजे कनिष्ठ सभागृहात, कमिटीतून सुटलेलं बिलही कॅलेंडर्स कमिटीत (कोणतं बिल सभागृहात कधी घ्यायचं ते ठरवणारी) अडकून मरतं, तेव्हा मे महिन्यात तिकडे डोळा ठेवा.

आणि हो, पक्षांची वा संघटनांची 'ॲक्शन अलर्ट' पत्रकं दोन्ही बाजूंची वाचा, पण मत बनवण्याआधी मूळ बिल उघडा.