हात जपला, ताप अंगावर काढला

केमोचं औषध शिरेत सोडायला कातडीखाली एक डबी आणि तिला जोडलेली नळी बसवतात, तो केमोपोर्ट. तो बसवला की बहुतेक पेशंटना एकच घोर लागतो: हात हलवला तर आतली नळी निसटेल का? मिरजेला उपचारासाठी येणाऱ्या बायकांकडून हा प्रश्न मी सतत ऐकते. नुसतं "नाही निसटत" म्हणून भागत नाही, म्हणून एका पेशंटबद्दल सांगते. ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत.

तासगावकडच्या, द्राक्षबागेच्या घरातल्या. गाठ डाव्या स्तनात, म्हणून पोर्ट उजव्या बाजूला, कॉलरबोनच्या खाली. आधी केमो, मग ऑपरेशन असं ठरलेलं. दुसऱ्या केमोला आल्या तेव्हा उजवा हात पोटाशी आवळून बसल्या होत्या. वेणी जाऊ घालते, भाकऱ्याही तीच थापते. रात्री उताणं झोपायचं, कूस बदलायची नाही. पोर्टवर घासतं म्हणून मंगळसूत्र काढून ठेवलेलं, त्यावरून सासूबाईंचा अबोला.

"मॅडम, नळी काळजापतूर गेलीया म्हणत्यात. हात वर केला आन् सुटली म्हंजी?"

नळी काळजापर्यंत जाते हे खरंच आहे. मोठ्या शिरेतून आत सरकवून तिचं टोक हृदयाच्या तोंडाशी ठेवतात. तिथे रक्ताचा ओघ मोठा, औषध लगेच पातळ होतं. हाताच्या बारीक शिरांना ही औषधं सोसत नाहीत, आणि केमोतलं ते लाल औषध शिरेबाहेर गळलं तर आतलं मांस जळतं. एवढं सांगूनही त्यांचा हात पोटाशीच. शेवटी ड्रॉवरमधला नमुन्याचा पोर्ट त्यांच्या तळहातावर ठेवला. कोटाच्या बटणाएवढी डबी, वर सुई टोचायला सिलिकॉनचा जाड पडदा, बाजूला घट्ट बसवलेली नळी. त्यांनी नळी हलकेच ओढली. मग माझ्याकडे बघत जोरात ओढली.

"निघत न्हाई की वो!"

क्वचित नळी सरकते, नाही असं नाही. मग पोर्टमधून रक्त मागे येत नाही, औषध अडतं, मान किंवा हात सुजतो, दुखतो. तसं झालं तर लगेच सांगायचं, एक्स-रे काढतात. पण वेणी घातल्याने आणि भाकरी थापल्याने हे होत नाही. हात बांधून ठेवला तर खांदा मात्र आखडतो, आणि यांचा आखडायला लागलाच होता. फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. पहिले काही आठवडे द्राक्षाचे क्रेट, भरलेली घागर नको. जखम भरली आणि सुई लावलेली नसली की नेहमीसारखी अंघोळ. मंगळसूत्राचंही तसंच, जखम भरल्यावर घालायला हरकत नाही. घासलंच तर दोरा लांब करून घ्यायचा. सासूबाई टाक्यांवर हळद लावायच्या म्हणत होत्या. सांगलीत बसून हळदीला नको म्हणणं जिवावर येतं, पण टाक्यांवर काहीही लावायचं नाही.

उठता उठता म्हणाल्या, "मागल्या बारीला घरी गेल्यावर रातच्याला हुडहुडी भरली हुती. गोळी खाल्ली, वाकळ घेतली, सकाळी बरं वाटलं. मालकांस्नी कशाला उठवायचं रातीचं?"

मी त्यांना परत खाली बसवलं. ज्या हाताला काही होणार नव्हतं तो इतका जपला, आणि ताप मात्र अंगावर काढला. असं फार जणी करतात. केमोत पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात, त्यात पोर्टमधून जंतू शिरले तर थेट रक्तात जातात. पोर्ट वापरल्यावर किंवा फ्लश केल्यावर, म्हणजे आतून धुतल्यावर, थोड्या वेळात थंडी वाजून ताप आला तर आधी संशय पोर्टचाच. घरात थर्मामीटर हवा. 100.4 फॅरनहाइट किंवा जास्त भरला, किंवा ताप नसूनही हुडहुडी भरली, तर रात्री दोन वाजता का असेना, हॉस्पिटलला फोन करून निघायचं. मापायच्या आधी तापाची गोळी घेऊ नये. ताप झाकला जातो. पोर्टवरची लाली, सूज, पू यालाही तोच नियम. त्या दिवशीच डॉक्टरांना दाखवलं, रक्त तपासलं. नशिबाने काही निघालं नाही.

केमो संपल्यावर यजमानांनी विचारलं, "आता फ्लशला कशाला एवढ्या लांब? गावात कंपाउंडर हाय."

पोर्ट वापरात नसला तरी आत गुठळी धरू नये म्हणून तो धुवावा लागतो. आमच्याकडे महिन्याला करतात, काही डॉक्टर जास्त अंतर देतात. आपल्या डॉक्टरांनी दिलेलं पाळावं. कंपाउंडरकडे मात्र नकोच. साध्या सुईने सिलिकॉनचा तुकडा निघतो, म्हणून हूबर नावाची खास सुई लागते. सिरिंजही 10 मिलीची किंवा मोठी, कारण लहान सिरिंजचा दाब जास्त पडून नळी फाटू शकते.

तारीख लक्षात कशी ठेवायची, हे बाईंनीच सोडवलं. दर संकष्टीला त्या सांगलीच्या गणपतीला जातातच. मग फ्लश त्याच फेरीत. संकष्टी रविवारी आली तर सोमवारी. "उपास असला तर चालंल न्हवं?" चालतो.

पोर्ट अजून आहे. काढायचा कधी, ते डॉक्टर पुढच्या तपासणीला ठरवतील. कोणता पोर्ट बसवलाय ते लिहिलेलं कार्ड यजमानांच्या पाकिटात असतं, स्कॅनला गेलं की आधी तेच दाखवतात. भाकऱ्यांचं विचारलं तर म्हणाल्या, जावेला आता सवय झालीय, मी कशाला मोडू?