पीसीओएस नुकतंच कळलंय? आधी एवढंच बघ

अगं, पीसीओएस म्हणजे हार्मोन आणि अंडाशयाशी संबंधित त्रास. सोनोग्राफीत अंडाशयात ‘गाठी’ दिसल्या म्हणून घाबरू नकोस. त्या अर्धवट वाढलेल्या बीजांच्या पिशव्या असतात. आणि नुसत्या सोनोग्राफीवर निदान होत नाही: अनियमित पाळी, वाढलेले पुरुषी हार्मोन, अंडाशयाचं तसं चित्र, या 3 पैकी 2 गोष्टी लागतात. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन (अंगावर दूध येण्याशी संबंधित हार्मोन) हेही तपासून घे.

- पाळीच्या तारखा लिहून ठेव. 3 महिने आली नाही तर डॉक्टरांकडे जा.
- रक्तातली साखर तपास.
- वजन जास्त असेल तर 5 ते 10 टक्के उतरलं तरी फरक पडू शकतो. पण उपाशी राहून नको! मी तेच केलं, सगळं परत चढलं.

मैत्रिणीच्या गोळ्या घेऊ नकोस. पाळी अनियमित म्हणजे दिवस राहणारच नाहीत, असंही समजू नकोस. बऱ्याच जणी तिथेच फसतात.