पहिली पूर्ण दिवसांची झाली, म्हणून जुळीही होतील का?

तू विचारलं की पहिली मुलगी 39 आठवड्यांची नॉर्मल झाली, आता जुळी आहेत, 21 वा आठवडा चालू आहे, तर यावेळीही दिवस पूर्ण भरतील का. आणि सासूबाई म्हणून राहिल्या की दुसरं लवकरच होते. माझंही सेम होतं ग, मुलगा 40 व्या आठवड्यात झाला आणि मग जुळ्या मुली 36 आठवडे 2 दिवसांनी.

पहिलं पूर्ण दिवसांचं झालं हे चांगलंच आहे, पहिलटकरणीपेक्षा आपली जुळी जरा जास्त टिकतात, पण जराच, त्यावर 39 चा हिशोब नको मांडू. जुळ्यांची सरासरीच 35-36 आठवडे, निम्म्याहून जास्त 37 च्या आतच येतात, तिळी तर 32 च्या आसपास. जिचं पहिलं बाळ 37 च्या आधी झालं तिने मात्र डॉक्टरला आधी तेच सांगावं, तिला परत लवकर व्हायचा चान्स खरंच जास्त असतो.

पण पहिल्या बाळंतपणापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे वार (प्लासेंटा) एक की दोन. सुरुवातीच्या 11 ते 14 आठवड्यांच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट काढून बघ, डीसीडीए लिहिलं असेल तर वार वेगवेगळ्या, मग सगळं ठीक असलं तरी डॉक्टर 37-38 ला डिलिव्हरी करतात, एमसीडीए म्हणजे वार एकच पण पिशव्या दोन असतील तर बहुतेक 36 च्या आसपास, आणि दोघं एकाच पिशवीत असतील तर 32 ते 34 मध्ये सिझर. म्हणजे 39 तसंही कोणी जाऊ देत नाही! आता गर्भपिशवीच्या तोंडाची लांबी मोजून घेतली नसेल तर विचार, हेच दिवस आहेत त्याचे.

आईने मला पलंगावरून उतरू दिलं नव्हतं, डॉक्टर म्हणाल्या नुसतं पडून राहून दिवस वाढत नाहीत, उलट पायात रक्ताच्या गाठी व्हायची भीती. पाणी मात्र पीत राहा बापा, मे महिन्यात आपल्याकडे नागपुरात 45 डिग्री, मला 31 व्या आठवड्यात पोट कडक होऊन दुखायला लागलं होतं, सलाईन लावल्यावर थांबलं. तरी असं झालं तर घरी पाणी पीत वाट नको पाहू, सरळ दवाखान्यात जा.

आणि दुसऱ्या वेळी कळा सुरू झाल्या की फार वेळ मिळत नाही. पहिल्या वेळी मी 14 तास काढले, जुळ्यांच्या वेळी मानेवाड्याहून धंतोलीच्या दवाखान्यात पोचेपर्यंतच घाम फुटला, त्यात सिमेंट रोडचं खोदकाम. बॅग 30 व्या आठवड्यातच भरून ठेव, आणि बाळांसाठी एनआयसीयू (नवजात बाळांचा आयसीयू) असलेलंच हॉस्पिटल पाहा.