परदेशी जाण्यापूर्वी पीएफ काढताना

आपण विचारले आहे की, पुण्यातील दोन वर्षांच्या आणि कुपवाड एमआयडीसीतील साडेतीन वर्षांच्या नोकरीत साठलेला पीएफ कॅनडाला निघण्यापूर्वी काढावा की तसाच ठेवावा, आणि काढल्यास त्यावर कर किती बसेल. मी मूळचा मिरजेचा, सध्या ओंटारिओत राहतो. माझे मत असे की रक्कम काढावी, परंतु पुण्याचे खाते कुपवाडच्या खात्यात वर्ग झाल्याखेरीज एक रुपयाही काढू नये.

सारा प्रश्न पाच वर्षांच्या सलग सेवेचा आहे. ती पूर्ण झाली असेल तर काढलेली रक्कम भारतात करमुक्त असते. त्याआधी काढली तर, आजारपण किंवा कंपनी बंद पडणे यांसारखी सभासदाच्या हाताबाहेरची कारणे वगळता, ती करपात्र ठरते. आधीच्या कंपनीतील सेवा या पाच वर्षांत धरली जाते, मात्र तेथील शिल्लक नव्या खात्यात वर्ग झालेली असेल तरच. यूएएन (सभासदाचा सर्व नोकऱ्यांसाठीचा एकच पीएफ क्रमांक) एकच आहे म्हणजे खातीही आपोआप एक झाली, असा समज सर्रास आढळतो. पासबुकात दोन सभासद क्रमांक आपापल्या शिलकीसह दिसत असतील तर ती एक झालेली नाहीत. अशा स्थितीत दोन्ही खाती स्वतंत्रपणे रिकामी केली, तर साडेपाच वर्षे राबलेल्या माणसालाही कर भरावा लागू शकतो. खाते नुसते पडून राहिल्यानेही पाच वर्षे भरत नाहीत, कारण मोजली जाते ती सेवा.

कर बसलाच तर कंपनीचा वाटा व त्यावरील व्याज पगारात, आणि आपल्या वाट्यावरील व्याज इतर उत्पन्नात धरले जाते. आपण भरलेल्या मुद्दलावर पुन्हा कर नसतो, पण जुन्या करप्रणालीत त्यावर 80सी कलमाखालची बचतीची वजावट घेतली असेल तर ती मागे घेतली जाते. 50,000 रुपये किंवा त्याहून अधिक करपात्र रकमेवर 10 टक्के, पॅन दिलेला नसल्यास 20 टक्के टीडीएस, म्हणजे रक्कम देतानाच घेतला जाणारा कर, कापतात. एवढ्याने कर संपत नाही. आपला कराचा टप्पा 30 टक्क्यांचा असेल तर उरलेला कर विवरणपत्र भरताना द्यावाच लागतो. पैसे घेऊन ऑनलाइन अर्ज भरून देणारे काही जण टीडीएस टाळण्यासाठी सरसकट 15जी, म्हणजे आपल्या उत्पन्नावर कर लागत नाही असे घोषणापत्र, जोडतात. आपले उत्पन्न करपात्र असताना त्या घोषणापत्रावर सही करू नये, कारण जबाबदारी सही करणाऱ्याची असते.

निघण्यापूर्वीच काढा, असे मी म्हणतो ते कॅनडाच्या कायद्यामुळे. येथे स्थायिक झाल्याच्या दिवसापासून जगभरातील उत्पन्न येथील विवरणपत्रात दाखवावे लागते, आणि भारतात जे करमुक्त ते येथेही करमुक्त असेलच असे नाही. पीपीएफच्या व्याजालाही हेच लागू आहे. शिवाय कायमचे परदेशी गेलेल्या सभासदाने 36 महिन्यांत दावा केला नाही, तर पीएफ खाते निष्क्रिय होऊन व्याज थांबते.

कंपनीच्या वाट्यातून पेन्शन योजनेत जाणाऱ्या हिश्श्याबाबत मात्र मी उलट सल्ला देईन. सेवा दहा वर्षांहून कमी असल्याने फॉर्म 10सी भरून ती रक्कम काढता येते, पण 15,000 रुपयांच्या पगारमर्यादेवर मोजलेली ती रक्कम फार मोठी नसते. त्याऐवजी योजना प्रमाणपत्र, म्हणजे आजवरची सेवा पुढे पेन्शनसाठी धरली जावी म्हणून मिळणारा दाखला, घेता येते. भारत आणि कॅनडा यांच्यातील सामाजिक सुरक्षा करार 1 ऑगस्ट 2015 पासून लागू आहे, आणि पेन्शनची पात्रता ठरवताना दोन्ही देशांतील कालावधी एकत्र धरण्याची सोय त्यात आहे.

खाते वर्ग करण्याचा अर्ज कुपवाडची नोकरी चालू असतानाच करावा. पुण्याच्या कंपनीने आपली नोकरी सोडल्याची तारीख नोंदवलेली नसेल तर तो अडकतो, तेव्हा ती तारीख पोर्टलवर आजच पाहून घ्यावी.