डेटवर समोरच्याची बॉडी लँग्वेज कशी ओळखायची आणि आपली कशी ठेवायची?

एका खुणेवरून काही ठरवू नका. हाताची घडी म्हणजे इंटरेस्ट नाही असं सगळे सांगत फिरतात, पण एसी जोरात असला की माणूस घडी घालणारच ना! बदल बघा, म्हणजे आधी पुढे झुकून बोलणारी व्यक्ती मागे टेकली, उत्तरं नुसती हं-हो वर आली, उलट प्रश्न विचारणं थांबलं आणि पालथा ठेवलेला मोबाईल सारखा उचलला जायला लागला, हे सगळं एकदम झालं तर विषय बदला नाहीतर सरळ विचारा, निघूया का?

ते ९३ टक्के संवाद शब्दांशिवाय होतो असं सांगतात ना, ते डोक्यातून काढा, तो आकडा ज्यावरून आला ते मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियनचे १९६७ चे प्रयोग फक्त भावना आणि आवड-नावड याबद्दल होते, सगळ्या बोलण्याबद्दल नाही.

तुमच्यापुरतं म्हणाल तर फोन खिशात, खांदे समोरच्याकडे वळलेले, आणि नजर अधूनमधून हटवा, एकटक बघितलं की कुणीपण अवघडतं. समोरच्याच्या हालचाली मुद्दाम कॉपी करायच्या टिप्स असतात त्या सोडा, लक्षात आलं तर विचित्र वाटतं. तुम्ही जवळ सरकलात आणि समोरची व्यक्ती थोडी जरी मागे झाली तर तुम्ही पण मागे व्हा, तिथे अंदाज लावत बसू नका.