रापणीचा दोर

"मॅडम, बाबा घराबाहेरच पडत नाहीत. तुम्ही जरा समजवा ना." डोंबिवली, ठाणे, विरारहून येणारा हा फोन आता माझ्या ओळखीचा झालाय. आई गेलेली असते किंवा वडील. मागे राहिलेलं माणूस कोकणातल्या घरात एकटं आणि मुलं मुंबईत. आधी मन सावरेल, मग पाय उंबऱ्याबाहेर पडतील, असं मुलांना वाटतं. इतकी वर्षं समुपदेशनाचं काम करताना माझं मत नेमकं उलट होत गेलंय.

मालवण तालुक्यातल्या एका काकांचं सांगते. ओळख पटू नये इतके तपशील बदललेत. मुंबईत नोकरी करून निवृत्तीनंतर दोघं गावी आले आणि तीन वर्षांत, मे महिन्यात काकी गेल्या. दिवाळीला आलेली मुलगी त्यांना माझ्याकडे घेऊन आली. पहिल्या दोन भेटी ते खिडकीकडे बघत बसले. "बोलान काय होतला? परत येतली काय ती?" यापुढे शब्द नाही. तिसऱ्या भेटीत मी 'कसं वाटतं' विचारणं सोडलं.

"काका, सकाळी उठून पहिलं काय करता?"

"चाय टाकतंय. दोन कप."

"आणि दुसरा कप?"

"थंड झालो की माडाच्या आळ्यात ओततंय."

मी त्यांना म्हटलं, चहा दोन कपच टाका, त्यात काही चुकत नाही. पण सात वाजता किनाऱ्यावर जा, पायी, आणि मासे घेऊन या. मुद्दामच 'फिरायला जा' म्हटलं नाही. नुसतं फिरणं दुःखातला माणूस सहज टाळतो, आणि गावात चार जण विचारतात ते वेगळंच. माशाची पिशवी हातात असली की कुणी काही विचारत नाही.

किनाऱ्यावर रापण लागलेली असायची. होडीतून जाळं अर्धगोल सोडतात आणि त्याची दोन टोकं किनाऱ्यावरून दोन रांगा ओढत आणतात. पाठीमागे सरत सरत ओढायचं, रांगेच्या टोकाला पोचलेल्यानं दोर सोडून पुन्हा पाण्याशी जाऊन धरायचा. (यांत्रिक बोटींतून मोठं जाळं टाकणाऱ्या पर्ससीनवाल्यांनी या रापणीचं कंबरडं मोडलंय, याचं मला फार वाईट वाटतं. मासळीबरोबर एक अख्खी माणसांची रांग जाते.) काका आठवडाभर लांब उभे राहिले. मग कुणीतरी ओरडलं, "नुसतो बघतंस काय, लाव हात!"

पुढच्या भेटीत त्यांनी आल्या आल्या दोन्ही तळहात माझ्यासमोर धरले. बोटांच्या मुळाशी फोड आलेले, एक फुटलेला, कडेला अजून वाळू.

"ओढल्याचे बांगडे दिल्यानी. साफ करूक बसलंय, आणि माका समाजला, तिरफळा किती घालूची ता माका म्हायतच नाय. तीस वर्षां तिच्याच हातचा खाल्लंय." मग हलक्या आवाजात, "पयल्यांदा रडलंय, बाई."

तो तळहात मी विसरणार नाही. तोवर मीही धरून चालले होते, की हालचालीनं त्यांचं मन दुसरीकडे वळेल. घडलं ते निराळं. अंग दमलं, चार माणसांच्या ठेक्यात मिसळलं, आणि त्यामुळेच त्यांना दुःखापर्यंत जाण्याचं बळ आलं. स्ट्रोबे आणि शुट या अभ्यासकांनी १९९९मध्ये हेच मांडलं : शोक करणारा माणूस कधी गमावलेल्याकडे जातो, कधी रोजच्या जगण्याकडे परततो, आणि ही ये-जा निरोगी असते. मला ती रापणीवर नीट कळली.

म्हणून मुलांना माझं सांगणं, 'मन रमवा' म्हणू नका. वेळ ठरलेली, हात गुंतवणारी, चार माणसांत होणारी आणि कुणी सांत्वन न करणारी एखादी गोष्ट शोधून द्या. देवळाची झाडलोट, ओहोटीला कालवं काढणं, शेजारच्या बागेतली आंब्याची पेटी भरणं, काहीही. रक्तदाब, हृदय आधी डॉक्टरांना दाखवा. रापण ओढणं सोपं नाही. बाईमाणसाच्या वाटेत रीतीभाती जास्त आडव्या येतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं २०२२मध्ये विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला, तसं धाडस घरोघरी लागेल. सुरुवात जावेनं, नणंदेनं हाताला धरून बाहेर नेण्यापासून होते. आणि सहा महिन्यांनंतरही जेवणझोप पार विस्कटलेलीच असेल, तर थांबू नका, मनोविकारतज्ज्ञांकडे न्या. जगण्याचीच इच्छा उरली नसेल, तर सहा महिन्यांची वाट बघायची नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि चोवीस तास चालतो.

परवा मुलीचा फोन आला. "आता बाबा बरे झाले ना?" मी सांगितलं, वर्षश्राद्धाच्या सुमारास पुन्हा घरात बसतील, तेव्हा घाबरू नकोस, ये आणि सकाळी त्यांच्याबरोबर किनाऱ्यावर जा. तिनं त्या आठवड्याचं कोकणकन्येचं तिकीट काढलंय.