जनुकांवर खापर फोडण्याआधी

‘घरात कोणीच खेळाडू नाही, मग माझं काय होणार?’ हे आधी डोक्यातून काढ. अनुवंशिकतेचा वाटा असतोच, नाही कशाला म्हणू? उंची बरीचशी आईवडिलांकडूनच येते. फिनलंडचा स्कीपटू ईरो मँटीरांटा याच्या एका जनुकातल्या बदलामुळे रक्तात हिमोग्लोबिन, म्हणजे ऑक्सिजन वाहून नेणारा घटक, कमालीचं जास्त होतं. १९६० आणि १९६४ मिळून ऑलिंपिकची ३ सुवर्णपदकं त्याच्या नावावर आहेत. पण तोच बदल त्याच्या अनेक नातेवाइकांतही सापडला. ते सगळे काही ऑलिंपिकविजेते झाले नाहीत.

‘स्पीड जीन’ची चाचणी करून घेऊ का, असं विचारलंस. पैसे वाचव. या ‘स्पीड जीन’चं, म्हणजे एसीटीएन३ या जनुकाचं, काम करणारं रूप बहुतेक अव्वल स्प्रिंटर्समध्ये दिसतं हे खरं, पण जगातल्या बहुसंख्य लोकांतही ते असतंच, सोफ्यावर लोळणाऱ्यांतसुद्धा! त्या अहवालावरून तुझा खेळ ठरवता येणार नाही.

एक गोष्ट मात्र लोक विसरतात: सरावाला शरीर किती प्रतिसाद देतं, यातही अनुवंशिकता असते. त्याच वेळापत्रकावर मित्राचा दम झपाट्याने वाढेल, तुझा रडतखडत. म्हणून लगेच वही मिटू नकोस. अंतर, वेळ, सकाळची नाडी रोज लिहून ठेव. दोनतीन महिन्यांत आकडे हललेच नाहीत, तर आधी झोप आणि खाणं तपास, मग वेळापत्रक बदल. आठवड्यात एखादा दिवस जास्त पळणं किंवा इंटरव्हल (थोडं जोरात, थोडं हळू असं आलटून पालटून पळणं) घालणं, एवढ्यानेही कित्येकांची गाडी पुढे सरकते.